फ्रीजमधली किल्ली

"आवाज माझ्या भावाचाच आहे," समोरची बाई म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर मी सरळ पोलिसांत गेले असते."

वहिनींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. वहिनींचं ऑफिस म्हणजे त्यांचं जेवणाचं टेबल. विमा कंपनीत दावे तपासण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. जळालेली गोदामं, चोरीला गेलेल्या गाड्या आणि विमा उतरवल्यावर लगेच वारलेले धडधाकट नवरे त्यांनी इतके पाहिले होते, की नोकरी सोडल्यावर खासगी गुप्तहेर होण्यासाठी त्यांना फक्त दारावर पाटी लावावी लागली. त्यांना वहिनी म्हणायचा खरा अधिकार एकाच माणसाचा, त्यांच्या दिरांचा. पण त्यांचं ऐकून आता पोलीसही त्यांना वहिनीच म्हणत.

हे दीर, म्हणजे भावोजी, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीत काहीतरी छंद हवा म्हणून ते वहिनींची गाडी चालवत आणि चुकीचे निष्कर्ष काढत.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

बाई औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. तिच्या धाकट्या भावाला गुहांचं वेड. तो आणि त्याचा जोडीदार सुट्टी मिळाली की कुठल्या तरी बिळात शिरायचे. साहसाच्या सत्यकथा सांगणाऱ्या एका पॉडकास्ट कंपनीनं दोघांना गाठलं, रेकॉर्डर दिले आणि एका नदीच्या गुहेत पाठवलं. वरच्या डोंगरात पाऊस झाला, आत पाणी चढलं. जोडीदार बाहेर आला. धाकट्याला बाहेर काढावं लागलं.

"कंपनीनं कार्यक्रमाचं काम थांबवलं नाही?"

"थांबवलं ना. एक दिवस शोक पाळला. मग तीन भागांची मालिका केली. शेवटच्या भागात हे लावलं. त्याच्या अंगावरच्या रेकॉर्डरमध्ये सापडलं म्हणतात."

तिनं फोन टेबलावर ठेवला. ठिबकणाऱ्या पाण्याच्या आवाजातून एक तरुण, थकलेला आवाज आला.

"दोर मीच बांधला होता. गाठ माझीच चुकली. त्याला दोष देऊ नका कुणी... तू जा रे. मागे बघू नकोस."



"धीराचा मुलगा," भावोजी म्हणाले. "इतक्या संकटात किती स्वच्छ, स्पष्ट बोललाय!"

"आई दिवसभर हेच ऐकत बसते. जेवणाचं ताट तसंच परत येतं. आता त्यांना खास भाग करायचाय. आईनं त्यांच्या स्टुडिओत जायचं आणि माईकसमोर जोडीदाराची माफी मागायची. माझ्या मुलाच्या चुकीमुळे तुझा जीव धोक्यात आला म्हणून. या शनिवारी. आई तयार झालीय हो! साडी इस्त्रीला टाकलीय. म्हणते, त्याचं राहिलेलं मी पुरं करते."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, बुटाची नाडीसुद्धा दोनदा तपासणारा माणूस गाठ चुकवत नाही. पण बहिणीचं मत कोण धरतो? चूक असेल त्याची तर असू दे. पण नसेल, आणि माझी आई सगळ्या जगापुढे हात जोडून बसली, तर ते परत कसं घ्यायचं?"

वहिनींनी मान हलवली. "निघाला तेव्हा तब्येत कशी होती?"

"ठणठणीत." बाई रडता रडता हसली. "गुहेचं वेड, आणि नाक असं, की जरा ओल लागली की बंद. लहानपणापासून. तळघरात सायकल ठेवायला गेला तरी दोन दिवस ‘आई’ची ‘आई’ राहायची, पण ‘मामा’चा ‘बाबा’ व्हायचा. मामा चिडायचे. औषधाच्या दुकानात मी, आणि माझ्याच भावावर एक औषध चालेना."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"त्याच दिवशी भरदुपारी. नाकातच बोलत होता. म्हणाला, ताई, काम झालं, रात्री जेवायला घरीच आहे. थाप होती. कंपनी म्हणते, ते आत गेलेच दुपारनंतर. मी काळजी करते म्हणून आधीच सांगून टाकलं असणार."

ती निघायला लागली. तिनं मांडीवरचं पांढरं हेल्मेट उचललं. आतल्या अस्तरावर मागच्या बाजूला काळपट डाग होता.

"घरी रंगकाम काढलंय?" वहिनींनी विचारलं.

"नाही हो. धाकट्यानं नेलं होतं, गुहेला जायच्या आधीच्या सुट्टीत. कंपनीतल्या कुणाला तरी मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचं होतं म्हणे. परत आलं ते असं. तेव्हा त्याला बोलले होते. आता धुवावंसं वाटत नाही."

*

कंपनीचा स्टुडिओ म्हणजे एका जुन्या इमारतीतला राहता फ्लॅट होता, फक्त त्यात आता कुणी राहत नव्हतं. भिंतींना राखाडी स्पंज, खिडक्यांना गाद्या. दारावर कंपनीचं ब्रीदवाक्य: ‘घडलं तेच सांगतो.’

मालक स्वतः सामोरा आला. वय पन्नाशीच्या पुढे, केस मात्र इतके काळे की खोलीतला उजेड तिथपर्यंत जाऊन संपत होता. गळ्यात पांढरे हेडफोन. पट्टीच्या आतल्या बाजूला त्या काळेपणाचा थोडा अंश उतरला होता.

"फार मोठं दुःख आहे, मॅडम," मालक म्हणाला. "आमच्यासाठीसुद्धा. लोक आम्हाला मेसेज पाठवतात, की गाडी बाजूला घेऊन रडलो म्हणून."

"तुम्ही त्या दिवशी गुहेपाशी होतात?"

"तीच तर खंत आहे. जाणार होतो. पण गाडी सुट्टीच्या आधीच गॅरेजात गेलेली. मेकॅनिक रोज म्हणायचा उद्या. शेवटी पोरं एकटीच गेली. मी असतो तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. वाक्य कुठं सोडायचं ते त्याला चांगलं कळत होतं.

"शेवटचा निरोप तुम्हाला कुठं मिळाला?"

"त्याच्या रेकॉर्डरच्या कार्डावर. बचाव पथकानं रेकॉर्डर माझ्याकडे दिला. मी ऐकलं आणि दोन तास खुर्चीतून उठलो नाही."

"कार्ड पाहता येईल?"

"भिजलेलं होतं हो. एकदा उतरवून घेतलं आणि गेलं ते."

"असं होय," वहिनी म्हणाल्या. "तुमचं स्वयंपाकघर कुठं आहे?"

मालकाला हे अनपेक्षित होतं, भावोजींना नव्हतं. दावा गोदामाचा असो की नवऱ्याचा, वहिनी आधी स्वयंपाकघर पाहत. दिवाणखाना पाहुण्यांसाठी आवरलेला असतो, असं त्यांचं म्हणणं.

स्वयंपाकघरात एक फ्रीज होता. वहिनींनी तो उघडला. आत अंधार होता. दुधाच्या पिशवीशेजारी स्कूटरची किल्ली होती, आणि खालच्या कप्प्यात, काकड्यांच्या बाजूला, डाव्या पायाची एक चप्पल.

भावोजींनी वहिनींकडे पाहिलं. "वहिनी, हा मानसिक आजाराचा प्रकार दिसतो."

"हात नका लावू हं काका!" दारातून कुणीतरी म्हणालं. तिशीची मुलगी होती, कानामागे पेन्सिल. "आत माझी किल्ली आहे. मी साउंडवाली. म्हणजे ध्वनिसंपादक. पण इथं मला सगळे साउंडवालीच म्हणतात."

"किल्लीला उकडतं का?" भावोजींनी विचारलं.

"अहो, फ्रीज गुरगुरतो. माणसाला कळत नाही, माईकला कळतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी फ्रीज बंद करायचा. पण नंतर चालू करायचं हमखास राहतं. म्हणून नियम केलाय. फ्रीज बंद करणाऱ्यानं अशी वस्तू आत ठेवायची, की जिच्याशिवाय घरी जाताच येणार नाही. घ्यायला आलं की फ्रीज आठवतो. आता निवेदकांचं रेकॉर्डिंग चाललंय. ते समोरच राहतात, चालत येतात. म्हणून चप्पल."

"आणि मालक?"

"गाडीची किल्ली. नियम त्यांचाच तर आहे."

"कधी विसरलं नाही कुणी?"

साउंडवालीचा चेहरा उतरला. "एकदाच. मागच्या लांब सुट्टीनंतर मी सकाळी आले तर घरभर वास. फ्रीज बंद, दूध नासलेलं, निवेदकांच्या वाढदिवसाच्या केकवर जंगल उगवलेलं. मालक मला सगळ्यांसमोर बोलले. पण सुट्टीत मी इथं नव्हतेच! आदल्या संध्याकाळी मी स्वतः फ्रीज चालू करून, किल्ली घेऊन गेले होते. किल्ली न घेता गेले असते कशी? स्कूटर ढकलत?"

"सुट्टीत कोण आलं होतं?"

"कुणीच नाही म्हणतात. मग फ्रीज स्वतःच बंद झाला असेल. इथं सगळं माझ्यावरच येतं."

"धाकटा आणि त्याचा जोडीदार गुहेत गेले ते या सुट्टीनंतर?"

"हो, लगेचच."

वहिनींनी तिच्याकडे मूळ रेकॉर्डिंगं ऐकायला मागितली. तिनं दोघांच्या डोक्यावर हेडफोन चढवले. भावोजी विमान चालवायला निघाल्यासारखे ताठ बसले.

"हे गुहेच्या तोंडाशी. जोडीदाराच्या रेकॉर्डरवरचं आहे, पण दोघांचेही आवाज आहेत."

आधी जोडीदार बोलला, मग धाकटा: "आता आम्ही पहिल्यांदाच आत पाऊल टाकतोय. पुढे काय आहे, काहीच माहीत नाही." मध्येच तो थांबला आणि जोरात नाक ओढून पुढे बोलू लागला.

"सर्दी झालीय बिचाऱ्याला," भावोजी म्हणाले.

वहिनींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग शेवटचा निरोप, पाणी न मिसळलेला. तोही दोनदा.

"पाणी कुठं गेलं?" भावोजींनी विचारलं.

साउंडवालीनं पेन्सिल कानामागून काढली आणि परत ठेवली. "पाणी मी घातलं. आमच्या बाथरूमच्या नळाचं आहे. मूळ आवाज कोरडा होता. गुहेत आवाज घुमतो, हा घुमतच नाही. मालक म्हणाले, रेकॉर्डर जाकिटाच्या आत होता, म्हणून. मग मी थोडं ठिबकवलं."

"म्हणजे खोटं?"

"नाही हो काका. याला वातावरण म्हणतात."

*

निवेदक रेकॉर्डिंग संपवून एका पायात चप्पल घालून आला. दुसरी फ्रीजमधून काढून त्या थंडगार चपलेत पाय घालताना शहारला. माईकवर त्याचा आवाज दरीतून आल्यासारखा वाटे; समोरासमोर तो बँकेत पासबुक भरून द्या म्हणणाऱ्या माणसासारखा होता.

"लोक विचारतात, तुम्ही त्या गुहेत गेला होतात का? अहो, मी लिफ्टमध्येसुद्धा जात नाही."

"तुम्ही नकला करता म्हणे," भावोजींनी एकदम विचारलं. "गोष्टीतल्या माणसांचे आवाज काढता."

"अस्वलाचा काढतो. मेलेल्या माणसाचा नाही काढत."

"नायकांची वाक्यं कधी इथं स्टुडिओत बोलून घेता का?" वहिनींनी विचारलं.

निवेदक जरा घुटमळला. "घेतो कधीकधी. जायच्या आधीच. म्हणजे ‘फार भीती वाटली’, ‘आईची आठवण आली’, अशी. त्याचं काय आहे, प्रत्यक्षात माणूस घाबरला की बोलत नाही, नुसता श्वास घेतो. श्वासावर किती वेळ ऐकणारा टिकेल? मालक म्हणतात, शेवट आधी हातात पाहिजे, मग गोष्ट कुठूनही निघू दे."

"धाकट्याची घेतली होती?"

"माझ्यासमोर तरी नाही. दोघं एकदाच आले होते, चहा प्याले, फोटो काढले, गेले."

साउंडवालीनंही तेच सांगितलं.

*

जोडीदार एका व्यायामशाळेत मुलांना भिंतीवर चढायला शिकवत असे. आता तो खाली टेबलाशी बसून पावत्या फाडत होता. भिंतीकडे पाठ करून.

"शनिवारी काकू येणार आहेत," तो आपणहूनच म्हणाला. "मी नको म्हटलं होतं. मालक म्हणाले, तिलाही बरं वाटेल, तुलाही."

"तुला वाटेल?"

"त्यानं मला माफ केलंय. मी रोज ऐकतो. ते ऐकल्याशिवाय झोप येत नाही."

"तो हे बोलला तेव्हा तू तिथंच होतास ना? ‘तू जा रे’ म्हणतो तो."

जोडीदारानं पावतीपुस्तक बंद केलं. "पाण्याचा आवाज फार होता. मी गेल्यावर बोलला असेल."

"दोर कुणी बांधला होता?"

"तो सांगतोय ना टेपमध्ये."

"मी तुला विचारतेय."

"तो सांगतोय ते खरंच असणार," जोडीदार म्हणाला. हे उत्तर त्यानं आरशासमोर बरेचदा दिलेलं असावं.

"आत कधी गेलात?"

"दुपारनंतर."

"आणि सकाळी?"

"सकाळी... तयारी." तो उठला. "मला वर्ग आहे." वर्ग नव्हता. भिंतीपाशी एकही मूल नव्हतं.

गाडीत भावोजींनी पट्टा लावला आणि निकाल जाहीर केला. "निवेदक. शंभर टक्के. नकलाकार आहे, आवाज काढला, संपला विषय. बहिणीला काय कळतंय!"

"बहिणीला कळतं, भावोजी. बहीण म्हणाली आवाज त्याचाच आहे, तर त्याचाच आहे."

"मग निरोप खरा!"

"आवाज खरा. निरोपाचं बघू. पण एक सांगते, तुम्ही या प्रकरणात दोन वाक्यं अगदी बरोबर बोललात."

भावोजी पहिल्या सिग्नलपर्यंत खूश होते. मग त्यांनी विचारलं, "कोणती?"

"हिरवा झालाय, चला."

*

शनिवारी सकाळी आई स्टुडिओत आली. इस्त्रीची साडी, हातात रुमाल. बहिणीनं तिला धरलं होतं, पण पाहणाऱ्याला वाटावं, आईनंच तिला धरलंय. माईकसमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर जोडीदार बसला होता आणि चटईकडे पाहत होता. साउंडवालीनं फ्रीज बंद करून किल्ली आत ठेवली होती. निवेदक कोपऱ्यात होता. मालक आईच्या पाया पडला. उठताना त्यानं माईकचं अंतरही नीट केलं.

"आई, घाई नाही. मनातलं बोला. मध्ये रडू आलं तर थांबवू नका. ते चांगलं असतं."

"आधी मला जरा बोलायचंय," वहिनी म्हणाल्या.

"मॅडम, रेकॉर्डिंगनंतर..."

"नंतर उपयोग नाही."

बहिणीनं आईला खुर्चीत बसवलं आणि मालकाकडे पाठ करून उभी राहिली. मालकानं घड्याळ पाहिलं आणि मोठ्या मनाचा माणूस पाहतो तसा छताकडे पाहू लागला.

"काकू, तुमच्या मुलाच्या नाकाबद्दल बोलायचंय," वहिनींनी सुरुवात केली.

आईनं चमकून वर पाहिलं. इतक्या दिवसांत तिच्याशी कुणी त्याच्या नाकाबद्दल बोललं नव्हतं. सगळे शौर्याबद्दलच बोलत होते.

"ओल लागली की दोन दिवस बंद," ती म्हणाली.

"बरोबर. घरून निघाला तेव्हा मोकळं होतं. गुहेत शिरल्यावर बंद व्हायला हवं. आता रेकॉर्डिंग ऐका. गुहेच्या तोंडाशी, ‘पहिल्यांदाच आत पाऊल टाकतोय’ म्हणताना नाक चोंदलेलं आहे. आणि शेवटी, गळ्यापर्यंत गार पाण्यात, मरणाच्या दारात, नाक अगदी मोकळं. मोकळं हवं तिथं बंद, बंद हवं तिथं मोकळं. भावोजींच्या दोन्ही वेळा लक्षात आलं. पहिल्याला ते सर्दी म्हणाले, दुसऱ्याला स्वच्छ."

भावोजींनी नम्रपणे मान झुकवली. आपण नेमकं काय शोधलं ते त्यांना अजून कळलं नव्हतं.

"नाकावरून?" मालक हसला. "मॅडम, नाक हा पुरावा असतो?"

"विम्यात कधीकधी एवढ्यावरच दावा फेटाळतात. आधी पहिलं घेऊ. गुहेच्या तोंडाशी नाक बंद, कारण तो गुहेत आधीच जाऊन आला होता. भरदुपारी त्यानं बहिणीला फोन केला तेव्हाही नाकातच बोलत होता. म्हणाला, काम झालं, जेवायला येतो. तिला थाप वाटली. थाप नव्हती. काम खरंच झालं होतं. सकाळी दोघं आत जाऊन सुखरूप बाहेर आले होते. मग पुन्हा आत का गेले?"

जोडीदाराचं लक्ष अजून चटईवरच होतं.

"दुसरं. शेवटचा आवाज घुमत नाही, नाक मोकळं आहे. म्हणजे तो गुहेतला नाही. धाकटा गुहेला जायच्या आधी, अशाच गाद्या लावलेल्या खोलीत बोललेला आहे. इथं नायकांची वाक्यं आधी घेऊन ठेवायची पद्धत आहे. पण निवेदक म्हणतात, आम्ही घेतली नाहीत. साउंडवालीही तेच म्हणते. मग कुणी घेतली, आणि कधी?"

"इथं रोज रेकॉर्डिंग असतं," मालक म्हणाला. "कुणीही घेतली असतील."

"कधी ते फ्रीज सांगतो. सुट्टीत इथं कुणीच आलं नाही म्हणतात. पण सुट्टीनंतर फ्रीज बंद सापडला. फ्रीज बंद कोण करतं? रेकॉर्डिंग करणारा, आणि तोही इथला जाणकार. साउंडवाली आली असती तर तिची किल्ली आत असती आणि ती स्कूटर ढकलत गेली नसती. निवेदक आले असते तर एका पायानं अनवाणी रस्ता ओलांडला नसता. नियम पाळणाऱ्याला विसरता येत नाही, हीच त्या नियमाची गंमत. विसरला तो असा माणूस, ज्याच्याकडे त्या दिवशी आत ठेवायला काही नव्हतं."

साउंडवालीचा हात कानामागच्या पेन्सिलीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"तुमची गाडी गॅरेजात होती," वहिनी मालकाला म्हणाल्या. "किल्लीही तिथंच. सवयीनं फ्रीज बंद केलात, खिसा चाचपलात आणि म्हणालात, असू दे, लक्षात राहील. घरी परत जायला मोटरसायकल खाली उभी होती. धाकट्याची."

बहिणीनं पिशवीतून हेल्मेट काढलं आणि पालथं करून टेबलावर ठेवलं. वहिनींनी मालकाच्या गळ्यातले पांढरे हेडफोन अलगद काढून शेजारी ठेवले. दोन्हींवर तोच काळा डाग होता.

निवेदकानं नकळत स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. साउंडवालीनं आपली वेणी पाहिली. तिच्यात पांढरे केस बरेच होते, आणि ती ते लपवत नसे.

"हजार लोक केस रंगवतात," मालक म्हणाला. आवाज मात्र जरा खाली आला होता.

"रंगवतात. त्यातले या कंपनीत किती? त्याच्या रेकॉर्डरमध्ये खरं काय सापडलं तुम्हाला?"

मालकानं हेल्मेट दूर सारलं. मग चिडलेल्या माणसासारखा म्हणाला, "पाणी. दुसरं काही नव्हतं. सगळं खराब झालेलं. तीन भाग जाहीर केलेले, लोक वाट बघतायत, आणि माझ्याकडे शेवट नाही! तो स्वतः बोलला होता ती वाक्यं, मॅडम. या खोलीत. मी लिहून दिली होती, पण बोलला तो. मजेत बोलला. म्हणाला, भांडणाचा सीन आहे का? आम्ही दोघं हसलोसुद्धा."

आईचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला.

"मी कुणाला मारलं नाही," मालक म्हणाला. "पाणी आलं त्यात माझा काय दोष? मी फक्त गोष्ट पूर्ण केली. बघा ना, कुणाचं वाईट झालं? याला माफी मिळाली, त्याला मोठेपणा मिळाला..."

"आणि चूक कुणाची ते ठरून गेलं," वहिनी म्हणाल्या. "त्यामुळे दुसऱ्यांदा आत का पाठवलं, हे कुणी विचारलंच नाही. निरोप सगळ्यांनाच सोयीचा होता. फक्त देणाऱ्याला विचारायचं राहिलं."

"भीती नाही म्हणाले," जोडीदार एकदम बोलला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"सकाळचं रेकॉर्डिंग मी फोनवर पाठवलं यांना. हे म्हणाले, सहलीला गेल्यासारखे बोलताय, यात भीती कुठंय? पुसून टाका, परत जा. वरती ढग आले होते. तो नको म्हणत होता. ताईला सांगितलंय, जेवायला येतो म्हणून." त्यानं चटईवर पाय घासला. "मीच म्हटलं, चल ना. पुढची मालिका मला एकट्याला देणार होते हे. मीच नेलं त्याला, काकू."

मालकानं दाराकडे पाहिलं. दारात भावोजी उभे होते. ते तिथं थोडी हवा लागावी म्हणून उभे राहिले होते, पण परिणाम तोच झाला.

बहीण रडत होती. आई रडत नव्हती. तिनं हातातला रुमाल घडी घालून मांडीवर ठेवला.

"त्यानं गाठ चुकवली नाही?"

"नाही, काकू. गाठ शेवटपर्यंत पक्की होती. दोर माझ्या हातात होता." जोडीदारानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "गाठ सुटली नाही. हात सुटला. माझा."

"मग तो काय म्हणाला? शेवटी?"

"‘ओढ’ म्हणाला. नुसतं ‘ओढ, ओढ’. दुसरं काही नाही म्हणाला."

मालक काहीतरी बोलायला पुढे झाला. साउंडवालीनं त्याच्याकडे न पाहता हात आडवा धरला आणि आईला विचारलं, "रेकॉर्डिंग बंद करू का, काकू? मी मघाशीच चालू केलं होतं."

"राहू दे," आई म्हणाली. तिनं आपली खुर्ची पुढे ओढली, माईक धरला आणि स्वतःपासून वळवून जोडीदाराच्या तोंडासमोर नेला.

"मी माफी मागायला आले होते," ती त्याला म्हणाली. "आता ती मागायची की द्यायची, ते तुझं ऐकून ठरवते. सकाळपासून सांग. तो काय बोलला, कशावर हसला, सगळं. मला घाई नाही."